उभी राहिली की तापते!

पुण्याच्या वाटेवर सुतासारखी सरळ धावणारी आजोबांची जुनी फियाट दादरच्या सिग्नलला उभी राहते न राहते तोच उष्णतामापकाचा काटा वर सरकू लागतो. मागच्या आसनावरून "अहो, वाफ येतेय!" अशी हाक येते आणि मागचे हॉर्न तिला साथ देतात.

"गाडी म्हातारी झाली, तापणारच," असे म्हणून पुष्कळ गृहस्थ हात झटकतात. हे काही खरे नव्हे. याच पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षे ऐन वैशाखात रहदारीत ताटकळत उभ्या असत. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांनी मुंबईचा निरोप घेतला तो वयोमर्यादेमुळे, उकळल्यामुळे नव्हे!

पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. गाडी धावत असली म्हणजे समोरचा वारा रेडिएटरमधून घुसून हे काम फुकटात करतो. उभ्या गाडीत सारी भिस्त पंख्यावर. फियाट व अॅम्बॅसॅडर या गाड्यांचा मूळ पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंद, तर पंखाही मंद. म्हणून उभी असता तापणारी आणि चालू लागताच निवणारी गाडी बहुधा वाऱ्याची तक्रार करीत असते. उलट वेगात किंवा घाट चढताना तापणारी गाडी पाण्याची तक्रार करते: बोअरच्या जड पाण्याचा क्षार बसून रेडिएटरच्या नळ्या चोंदलेल्या असतात.

तेव्हा आधी पट्टा पाहा, अर्थात इंजिन बंद करून. दोन चाकांच्या मधोमध अंगठ्याने दाबला असता तो साधारण अर्धा इंच दबावा. अधिक दबला तर सैल. आतून काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर बदलावा. मग रेडिएटरच्या जाळीकडे वळा. तीत चिलटे, धूळ आणि तेलकट चिखल यांचा असा थर बसतो की वाऱ्याला वाटच राहत नाही. पाण्याची मंद धार इंजिनच्या बाजूने बाहेर सोडावी. जोराच्या फवाऱ्याने पातळ पाती वाकतात. पंख्याभोवती पत्र्याचा घेर असल्यास तो जागेवर हवा. रंगकामाच्या वेळी काढलेला घेर गॅरेजच्या कोपऱ्यात राहून जातो, हा नेहमीचा प्रकार!

कोणी विजेचा पंखा बसवून घेतला असेल तर एक गंमत करून पाहा. रेडिएटरच्या पुढच्या बाजूस कागदाचा कपटा धरा. मागे बसवलेला पंखा त्याला ओढून चिकटवील. कपटा उडाला तर तारा उलट जोडल्या आहेत, आणि पंखा समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच झुंजतो आहे.

रेडिएटरचे झाकण म्हणजे प्रेशर कुकरचेच भावंड. ७ पौंड दाबाच्या झाकणाखाली साधे पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर गेले वा स्प्रिंग ढिली पडली की ते शंभरालाच उकळते. बदलायला खर्च थोडा, पण लक्ष कोणाचेच जात नाही. गरम असता मात्र या झाकणाला हात लावू नये. कुकरची शिटी काढण्यापूर्वी थांबणाऱ्या गृहिणीला हे सांगावे लागत नाही. तिच्या यजमानांना सांगावे लागते. वरची रबरी नळी हाताला सोसवेल इतकी निवेपर्यंत थांबावे, आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, सिलिंडर हेडला तडा जाण्याची भीती असते.

थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा सल्ला काही मिस्त्री देतात. तो आम्हांला पटत नाही. अडकला असेल तर नवा बसवावा. त्यावाचून इंजिन सकाळी लवकर गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त पिते. मिस्त्रीकडून इग्निशनचे टायमिंग मात्र जरूर तपासून घ्यावे. ठिणगी उशिरा पडली तर ज्वलन लांबते आणि जादा उष्णता हेडमध्ये व पाण्यात उतरते.

एवढे करूनही काटा चढत असेल तर थंड इंजिनवर झाकण उघडून गाडी चालू करावी. पाण्यात एकसारखे बुडबुडे येऊ लागले, किंवा इंजिनच्या तेलाला दुधाळ रंग आला, तर हेडची गॅस्केट गेल्याची दाट शंका घ्यावी. मग गाडी चालवत नेण्यापेक्षा ओढत नेलेली बरी. फियाटचे हेड अॅल्युमिनियमचे. तापले की वाकते, आणि गॅस्केटच्या भागणाऱ्या खर्चाचे हेडच्या न परवडणाऱ्या खर्चात रूपांतर होते.