जेन ऑस्टिन आणि तिचे प्रकाशक

इंग्रजी कादंबरीच्या इतिहासांत आज अग्रपूजेचा मान मिळविणाऱ्या जेन ऑस्टिनला हयातींत कोणी विचारलें नाहीं, असें म्हणण्याची चाल आहे. तें अर्धेंच खरें आहे. वाचक तिला लाभले. लाभलें नाहीं तें नांव, आणि द्रव्य लाभलें तेंहि बेताचेंच.

तिचा जन्म १६ डिसेंबर १७७५ रोजीं हँपशायरमधील स्टीव्हन्टन या खेड्यांत झाला. वडील तेथील धर्मोपदेशक. १७९७ सालीं त्यांनीं मुलीच्या एका कादंबरीविषयीं लंडनच्या कॅडेल या प्रकाशकास लिहिलें. हस्तलिखित मागवून पाहण्याचीहि तसदी न घेतां त्यानें उलट टपालीं नकार धाडला. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चें मूळ रूप तें हेंच, असें मानतात.

१८०३ सालीं ‘सूझन’ ही दुसरी कादंबरी क्रॉस्बी या प्रकाशकानें दहा पौंडांस विकत घेतली, तिची जाहिरातहि दिली, आणि मग हस्तलिखित तसेंच पडूं दिलें. सहा वर्षें वाट पाहून जेननें टोपणनांवानें जाब विचारला. उत्तर आलें तें असें कीं, अन्यत्र छापल्यास कायद्यानें अडवूं; परत हवें तर दहा पौंड मोजावे. वडील १८०५ सालींच वारले होते. आई व दोघी बहिणी यांचा चरितार्थ बव्हंशीं भावांच्या मदतीवर चाले. तेथें दहा पौंड आणावे कोठून? (२०१७ सालीं बँक ऑफ इंग्लंडनें तिचें चित्र नोटेवर छापलें, ती नोटहि दहा पौंडांचीच निघावी, हा योगायोग मौजेचा खरा.)

१८०९ सालींच भाऊ एडवर्ड यानें चॉटन येथें घर दिलें आणि लेखणीस स्थैर्य आलें. १८११ सालीं एगर्टननें ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ काढली. मुखपृष्ठावर ‘एका स्त्रीकडून’ एवढाच उल्लेख. छपाई, कागद, जाहिरात हा सारा खर्च लेखिकेच्या शिरावर. प्रकाशक विक्रीवर अडत घेणार. तोटा आल्यास तोहि तिचाच. आवृत्ति मात्र संपली आणि १४० पौंड हातीं आले. पुढील कादंबरीच्या वेळीं मात्र तिनें निश्चित रकमेचा मोह धरला. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे सर्व हक्क तिनें ११० पौंडांस विकले, मागितले होते १५०. १८१३ सालींच त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ति निघाली, पण नफा गेला एगर्टनच्या पेटींत. व्यवहारांतील तिची हीच मोठी चूक.

या अनुभवानें ती सावध झाली, कदाचित् अधिकच. जॉन मरे यानें ‘एमा’सह तीन कादंबऱ्यांच्या हक्कांबद्दल ४५० पौंड देऊं केले, ते तिनें नाकारले. ‘एमा’ १८१५ च्या डिसेंबरांत निघाली, राजप्रतिनिधीस अर्पण होऊन. परंतु ‘मॅन्सफील्ड पार्क’च्या दुसऱ्या आवृत्तीच्या तोट्यानें तिचा नफा गिळला. हयातींत त्या पुस्तकाबद्दल तिच्या पदरीं चाळीस पौंडहि पडले नाहींत.

१८१६ सालीं भाऊ हेन्री यानें क्रॉस्बीस दहा पौंड देऊन ‘सूझन’ सोडविली. व्यवहार पुरा झाल्यावर त्यानें लेखिका कोण हें त्यास सांगितलें, अशी घराण्यांत आठवण आहे. जेन १८ जुलै १८१७ रोजीं विंचेस्टर येथें वारली. वय अवघें ४१. तेथील कॅथीड्रलमधल्या तिच्या शिळेवर बुद्धीची व सद्गुणांची वाखाणणी आहे, पुस्तकांचा शब्द नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस ती ‘सूझन’ ‘नॉर्थँगर ॲबी’ या नांवानें ‘पर्स्युएशन’सह निघाली, आणि आरंभींच्या चरित्रपर टिपणांत हेन्रीनें बहिणीचें नांव प्रथमच वाचकांस कळविलें.