थंडीतली दौड : दम राखून धावा

डिसेंबर-जानेवारीत हिंगोली, कळमनुरी, वसमतकडे पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले दिसतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. 26 जानेवारीच्या सुमारास कुठे दौड जाहीर झाली की चाळिशी ओलांडलेले गृहस्थही नाव नोंदवतात. चांगलेच आहे. मात्र शिट्टी होताच सगळे भरतीतल्या 1600 मीटरसारखे सुटतात आणि तिसऱ्या किलोमीटरला कित्येकजण कमरेवर हात ठेवून चालू लागतात.

असे का होते? वेग मर्यादेपलीकडे गेला की स्नायूंना प्राणवायू पुरेनासा होतो. मग ते त्याच्याशिवायच साखर जाळतात. साठा भराभर सरतो, स्नायूंतील आम्लता वाढते, पाय जड होतात. पहिली दोन मिनिटे उत्साहामुळे याची जाणीवच होत नाही. त्यात थंडीमुळे घाम कळत नाही, आणि आपण फार जोरात चाललो आहोत हेही कळत नाही.

समजा, सरावात तुम्हाला 5 किलोमीटरला 30 मिनिटे लागतात. म्हणजे किलोमीटरला 6 मिनिटे. पहिला किलोमीटर सव्वासहा मिनिटांत काढावा, पुढचे तीन सहा-सहा मिनिटांत. मग शेवटचा पावणेसहात निघतो. घड्याळ नसेल तर शेजारच्याशी एक अख्खे वाक्य बोलून पाहावे. सुरुवातीलाच ते तुटत असेल तर वेग जास्त आहे. लोक पुढे जातील, जाऊ द्यावेत. आपल्या मराठवाड्याच्या, बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे याने 2020 साली दिल्लीची अर्धमॅरेथॉन 60 मिनिटे 30 सेकंदांत पूर्ण केली. किलोमीटरला सरासरी 2 मिनिटे 52 सेकंद! तो आकडा वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा आहे. आपला आकडा आपण सरावातूनच काढायचा.

गार हवेत श्वासनलिका आकसतात, म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटे भराभर चालून, हलके धावून अंग तापवावे. दम्याच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. शेकोट्यांचा धूरही त्यांना बाधतो. अगदी उपाशी धावू नये. तासभर आधी एखादे केळे पुरते, आणि वसमत-अर्धापूर पट्ट्यात केळ्यांना काय तोटा! तहान नसली तरी थोडे पाणी प्यावे.

2014 च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीत तरणे उमेदवार दगावले होते. तो उन्हाळी उकाडा होता. पण छातीत दुखणे, डावा हात किंवा जबडा भरून येणे, डोळ्यांपुढे अंधारी, ही लक्षणे थंडीतही तितकीच गंभीर. लगेच थांबावे आणि रुग्णालय गाठावे. मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकार असेल तर नाव नोंदवण्याआधीच तपासणी करून घ्यावी. ताप अंगात असताना तर धावूच नये.

शेवटची रेषा ओलांडल्यावर एकदम बसू नये. रक्त पायांत साचून भोवळ येते. पाच-दहा मिनिटे चालत राहावे आणि ओला बनियन बदलून स्वेटर घालावा.