वाफशाची तारीख

‘पाऊस सरासरीइतका झाल्याचे महसुली दप्तर सांगते, मग आमची ज्वारी का गेली?’ हा कर्जत तालुक्यातील एका वाचकाचा प्रश्न वरकरणी तक्रारवजा वाटला, तरी हवामानबदलाच्या चर्चेत जो मुद्दा सरासरीच्या आकड्याखाली हमखास दडपला जातो, त्यावरच त्याने नेमके बोट ठेवले आहे.

रब्बी ज्वारी वाढते ती पाऊस गेल्यावर, काळ्या मातीने पोटात साठविलेल्या ओलीवर. उत्तरा-हस्ताच्या सरी थांबाव्यात, रानाला वाफसा यावा आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या अवधीत पाभर चालावी, असा अहिल्यानगरच्या अवर्षणप्रवण टापूचा रिवाज. (नक्षत्रांचे हे गणितही अयनचलनामुळे ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस सरकते; पण त्या संथ चालीला आभाळाच्या आजच्या लहरींची सर नाही!) परतीचा पाऊस लांबला, की पाभर चिखलात अडते, पेरणी मागे पडते, दाणे भरण्याचा काळ उन्हाच्या तोंडी येतो, आणि तोवर ओल आटून तहानलेल्या ताटात बुरशी शिरते. असे ताट चिरून पाहावे: गर नाहीसा, उरलेल्या धाग्यांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे कण. ग्रंथांतून या बुरशीला मॅक्रोफोमिना म्हणतात. ‘खडखड्या’ हे शेतकऱ्याने दिलेले रोगाचे नाव मला अधिक शास्त्रशुद्ध वाटते.

हवेतील कर्बवायू वाढल्याने पिके फोफावतील, असा दिलासा देणाऱ्यांनी निदान ज्वारीला साक्षीस बोलावू नये. गव्हाला जो लाभ संभवतो तो तिला फारसा नाही, कारण पानात तो वायू एकवटण्याची तजवीज तिने मुळातच करून ठेवली आहे.

चमत्कारी बियाण्यांच्या जाहिरातींपेक्षा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीची खोली पाहून केलेली वाटणी, म्हणजे हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमाला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, मला मोलाची वाटते. आणि तितकेच मोलाचे ते आठव्या आठवड्यातील दातेरी कोळपे, जे भेगा बुजवून उरलीसुरली ओल कोंडून ठेवते. रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ मिळतो, कडबा मिळत नाही. म्हणून ज्वारी गेली, की भाकरीमागोमाग दावणही रिकामी होऊ लागते.

प्रश्नकर्त्यांना एवढीच विनंती, की यंदापासून वहीत पावसाच्या मिलिमीटरांशेजारी आपल्या रानाला वाफसा आल्याची तारीखही टिपून ठेवावी. दप्तरात ती कोठेच नोंदली जात नाही.