चिठ्ठीविना मिळाली म्हणून गोळी साधी होत नाही

चंदीगडचं सेक्टर ३४ म्हणजे क्लासवाल्यांचा इलाखा. पंजाब, हरियाणा, हिमाचलातून आलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं आसपास पीजीत राहून नीट-जेईईची तयारी करतात. जागरणानं डोकं धरलं, पाठ आखडली, पोटात कळ आली, तर कोपऱ्यावरच्या केमिस्टला 'भैया, सिरदर्द की गोली' एवढं सांगितलं की काम होतं. लातूर, नांदेड किंवा पुण्यात तरी वेगळं काय घडतं? चंदीमंदिर छावणीत बदलून आलेल्या मराठी घरांपासून सदाशिव पेठेतल्या वसतिगृहांपर्यंत या गोळ्यांबद्दलच्या समजुतीही त्याच आहेत. त्यातल्या काही तपासून पाहू.

गैरसमज १ : दुकानात सहज मिळते, म्हणजे निर्धोक असणार.

वस्तुस्थिती : 'ओव्हर द काउंटर' असा औषधांचा स्वतंत्र वर्ग आपल्या कायद्यात नाही. १९४५च्या औषध नियमांतल्या परिशिष्ट 'के'मध्ये पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन अशी थोडी घरगुती औषधं छोट्या खेड्यांत परवान्याविना विकायची सवलत आहे, तेवढंच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड ही परिशिष्ट 'एच'मधली औषधं आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची. ती चिठ्ठीविना मिळतात ही दुकानदाराची सैल सवय आहे. तिला औषधाच्या सुरक्षिततेचा दाखला समजू नका. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११पासून बंदी आहे.

गैरसमज २ : पॅरासिटामॉलनं काही होत नाही. एकानं उतरलं नाही तर दुसऱ्या कंपनीची घ्यावी.

वस्तुस्थिती : ठरलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल चांगलंच सुरक्षित आहे. गफलत होते ती नावांमुळे. स्ट्रिपवर कंपनीचं नाव ठसठशीत आणि औषधाचं नाव बारीक अक्षरांत. डोलो, क्रोसिन, कॅल्पोल या सगळ्यांत औषध एकच. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेनच्या जोडीला तेच, आणि सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही तेच.

आता हिशेब मांडा. तापासाठी ६५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या म्हणजे २६०० मिलिग्रॅम. शिवाय सर्दीसाठी ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेल्या तीन गोळ्या, म्हणजे आणखी १५००. एकूण ४१००. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. मुलांची मर्यादा वजनावर ठरते : एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दिवसभरात किलोमागे ७५च्या वर कधीच नाही. ४५ किलोच्या मुलासाठी ती ३३७५ होते. म्हणजे दोन 'वेगळी' औषधं घेतल्याच्या समजात या मुलानं मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

गैरसमज ३ : जास्त गोळ्या गेल्या, पण पोरगं ठीक दिसतंय. म्हणजे काही झालं नाही.

वस्तुस्थिती : पॅरासिटामॉलचा घात इथेच आहे. यकृतात या औषधाचा काही भाग विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायॉन नावाचं द्रव्य तो निकामी करतं. गोळ्या फार झाल्या की हा साठा संपतो आणि विष यकृताच्या पेशींवर उतरतं. पहिल्या २४ तासांत मात्र मळमळ, थोडी उलटी, किंवा तेही नाही. यकृताची खरी नासाडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसते. यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि पहिल्या आठ तासांत दिला तर तो उत्तम काम करतो. म्हणून लक्षणांची वाट न पाहता, रिकामी स्ट्रिप सोबत घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. चंदीगडात पीजीआय आहे, सेक्टर ३२चं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याच्या खटपटीत वेळ घालवू नका. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर चोवीस तास सल्ला देतं. गोळ्या मुद्दाम घेतल्या असतील तर आधी उपचार. रागावणं, जाब विचारणं अजिबात नको.

गैरसमज ४ : तापात कुठलीही पेनकिलर चालते.

वस्तुस्थिती : पावसाळा सरता सरता चंदीगडात डेंग्यूचे रुग्ण वाढतात, महाराष्ट्रातही तेच. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात. त्यात ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाचं कारण कळेपर्यंत पॅरासिटामॉलच, तेही मोजून. विषाणूजन्य तापात मुलांना ॲस्पिरिन दिल्यानं 'राय सिंड्रोम' हा मेंदू आणि यकृतावर आघात करणारा विकार होऊ शकतो. तो क्वचितच होतो, पण जिवावर बेततो.

गैरसमज ५ : रोज डोकं दुखतं, म्हणून रोज गोळी लागते.

वस्तुस्थिती : बरेचदा उलट असतं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, मिश्र गोळी १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर ती गोळीच डोकेदुखीचं कारण होऊ शकते. असर उतरला की डोकं ठणकतं आणि हात पुन्हा स्ट्रिपकडे जातो. क्लासच्या मुलांत कमी झोप, चुकलेला नाश्ता, चष्म्याचा वाढलेला नंबर आणि परीक्षेचा ताण ही कारणं आधी तपासायला हवीत. डोकेदुखीच्या तारखा कॅलेंडरवर मांडल्या की डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

गैरसमज ६ : मॅचच्या आधीच घेतली की दुखतच नाही.

वस्तुस्थिती : आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं अडवतात. त्यामुळे दुखणं शमतं. पण जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळण्याचं कामही हीच रसायनं करतात. उपाशीपोटी गोळी, मे महिन्याचं ऊन, घामानं आटलेलं अंग आणि वर दोन तासांचा खेळ, एवढं जुळून आलं की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शिवाय दुखणं दबल्यानं मूळ दुखापत वाढते ती वेगळीच. मूत्रपिंडावर या औषधांची किती सत्ता चालते याचा पुरावा चंदीगडजवळ पिंजोरला आहे. तिथलं गिधाड प्रजनन केंद्र उभं राहिलं ते झपाट्यानं संपत चाललेली गिधाडं वाचवण्यासाठी. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन मूत्रपिंडं निकामी झाल्यानं ती मरत होती. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झालं. माणसाचं शरीर ते गिधाडापेक्षा कितीतरी चांगलं पचवतं, पण त्यालाही सीमा आहे.

गैरसमज ७ : पाळीची गोळी दर महिन्याला कितीही घ्या.

वस्तुस्थिती : मेफेनॅमिक ॲसिडनं पाळीच्या कळा थांबतात आणि मुलींनी त्या सोसत बसण्याचं काही कारण नाही. पण गोळी काहीतरी खाऊन मगच, सांगितलेल्या मात्रेत आणि दोन-तीन दिवसच. अंगावर पुरळ आणि ताप आला तर लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवा. या औषधामुळे होणाऱ्या 'ड्रेस सिंड्रोम' या तीव्र ॲलर्जीबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगानं २०२३मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती. गोळ्या दर महिन्याला वाढवाव्या लागत असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा.

गैरसमज ८ : डॉक्टरांनी आजोबांना दिलेलं औषध आहे, त्याची कसली नशा?

वस्तुस्थिती : पंजाब-हरियाणाच्या पट्ट्यात हा समज महाग पडला आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कपाटात उरलेलं ट्रामाडॉल पॅरासिटामॉलचा मोठा भाऊ वाटतं. प्रत्यक्षात ते अफूच्या कुळातलं, ओपिऑइड आहे. सवय लागते, मात्रा वाढत जाते आणि थांबवलं की घाम, जुलाब, अंगदुखी, निद्रानाश सुरू होतो. जास्त मात्रेत फिट येते, श्वास मंदावतो. ते मार्च २०१४पासून परिशिष्ट 'एच१'मध्ये आहे, म्हणजे केमिस्टनं डॉक्टर, रुग्ण आणि मात्रेची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षं जपायची. एप्रिल २०१८मध्ये ते एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं.

एम्सच्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते १७ वयोगटात ओपिऑइड वापरणाऱ्यांचं प्रमाण १.८ टक्के होतं. चिठ्ठीविना मुलाला असं औषध देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या कलम ७७नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मूल सापळ्यात अडकलं असेल तर पोलिसांच्या धाकानं लपवू नका. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी व्यक्तीसाठी एनडीपीएसच्या कलम ६४अमध्ये संरक्षणाची तरतूद आहे. पीजीआयच्या मानसोपचार विभागाचं व्यसनमुक्ती केंद्र यासाठीच आहे.

घरात काय करावं?

औषधांचा डबा आज रिकामा करून बघा. प्रत्येक स्ट्रिपवरचं बारीक अक्षरांतलं औषधाचं नाव वाचा. ऑपरेशननंतर उरलेल्या गोळ्या मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका. साठाही कमीच बरा : ब्रिटननं १९९८मध्ये पॅरासिटामॉलच्या पाकिटातल्या गोळ्यांची संख्या घटवली आणि पुढच्या अकरा वर्षांत इंग्लंड-वेल्समध्ये त्यानं होणारे मृत्यू सुमारे ४३ टक्क्यांनी कमी भरले. बाहेरगावी शिकणाऱ्या लेकराला फोनवर 'जेवलास का' विचारताना 'या आठवड्यात गोळी किती वेळा घेतलीस' हेही विचारा. उत्तर 'रोज' असेल तर दुखणं गोळीपलीकडचं आहे. मन खचलेलं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मुलाला आजच देऊन ठेवा. तो विनामूल्य आहे आणि चोवीस तास सुरू असतो.