रक्त ‘पातळ’ करणारी गोळी नेमके काय करते?

माझे धाकटे दीर परवा मेडनहेडला आमच्याकडे जेवायला आले होते. हृदयात स्टेंट बसवून त्यांना तीन महिने झाले आहेत. हातावरचे काळेनिळे डाग दाखवून म्हणाले, “वहिनी, क्लोपिडोग्रेल आठवडाभर बंद ठेवतो.” मी म्हटले, “भावोजी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही!” मग त्यांना जे समजावले तेच इथे लिहिते.

आम्ही नर्सेस सरसकट ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणत असू. खरे तर रक्त पातळ होतच नाही. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गुठळी करतात. प्लेटलेटच्या अंगावर पी२वाय१२ नावाचे एक कुलूप असते आणि एडीपी हा पदार्थ त्याची किल्ली. किल्ली लागली की प्लेटलेट चिकट होते. एडीपी, एटीपी ही प्युरीन घराण्यातली द्रव्ये पेशींचे निरोप नेतात, हे जेफ्री बर्नस्टॉक यांनी १९७२ मध्ये मांडले, तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांनी थट्टा केली. मी तेव्हा शिकत होते. आम्हाला यातले काहीच शिकवले नाही. पुढे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. पी२वाय१२ची नेमकी ओळख तर २००१ मध्ये पटली.

क्लोपिडोग्रेल हे कुलूप कायमचे बुजवते. प्लेटलेट सात ते दहा दिवस जगते, आणि रोज थोड्या नव्या येतात. म्हणून एखादी गोळी चुकली तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. पण आठवडाभर बंद ठेवलीत तर उघड्या कुलपांच्या प्लेटलेट्स भरपूर होतात आणि नव्या स्टेंटमध्ये गुठळी धरू शकते. तो हार्ट अटॅकच. दात काढायचा असला तरी स्वतःहून थांबवू नका. डेंटिस्टला आधी सांगा.

आणखी एक. ही गोळी यकृतात गेल्यावरच कामाची होते. ते काम करणारे एन्झाइम काहींचे जन्मतःच मंद असते, आणि भारतीय उपखंडातल्या लोकांत हे युरोपियनांपेक्षा जास्त आढळते. पक्षाघातानंतर ही गोळी देताना त्याची जनुक तपासणी करावी, असे नाइसने जुलै २०२४ मध्ये सुचवले आहे. तुमची झाली का, विचारा. ॲसिडिटीची ओमेप्राझोलही त्याच एन्झाइमला अडवते. फार्मासिस्ट दुसरी सुचवील.

डाग पडणे चालते. शौचाला डांबरासारखे काळे झाले, रक्त थांबेना किंवा डोक्याला मार लागला, तर मात्र लगेच हॉस्पिटल गाठा.

भावोजींनी गोळी चालू ठेवली आहे. डाग अजून दाखवतात.