कण केव्हा वगळायचा?

खिडकीतून आलेल्या कवडशात धूलिकण तरंगताना आपण पाहतोच. ते खाली बसत नाहीत असे नाही. फार सावकाश बसतात. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, स्थिर हवेत बारीक कणाचा पडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दगडाच्या धुळीचा ३५ मायक्रॉनचा कण सेकंदाला सुमारे १० सें.मी. पडतो, तर १० मायक्रॉनचा जेमतेम ८ मि.मी. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) याहूनही बारीक सिलिकायुक्त धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली, तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग होतो. म्हणून धूळ हवेतून काढावी लागते.

समजा, धूळ बसवण्याची पेटी ५ मीटर लांब व १ मीटर उंच आहे आणि हवा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहते. कणाला १० सेकंद मिळतात. तेवढ्यात ३५ मायक्रॉनचे सर्व कण तळ गाठतील. १० मायक्रॉनचे मात्र शंभरात आठच. पण हवेत भोवरे असतात. हवा सतत पूर्ण ढवळली जात असेल, तर ३५ मायक्रॉनचेही शंभरात ६३च कण तळाशी पोचतात.

प्रत्यक्षातले भोवरे हाताने सोडवता येत नाहीत. म्हणून आम्ही संगणकावर पेटीचे हजारो छोटे कप्पे पाडतो, प्रत्येकातील हवेचा वेग काढतो आणि त्या प्रवाहात कण सोडून त्यांना क्षणाक्षणाने पुढे नेतो.

आता प्रश्न असा, की कण भिंतीला टेकला की पुढे काय? संगणकाला ते ठाऊक नसते; आम्हालाच सांगावे लागते. सर्वांत सोपा नियम म्हणजे, 'टेकला की वगळा आणि पकडला असे मोजा.'

हा नियम तपासायला वर्गात एक प्रयोग करावा. स्टीलच्या दोन ताटल्या सारख्याच तिरप्या ठेवा. एकीला तेलाचा हात लावा. वीतभर उंचीवरून दोन्हींवर चिमूटभर कोरडी बारीक वाळू टाका. कोरड्या ताटलीवरून कण उड्या मारत निसटतात, तेलकट ताटली त्यांना धरून ठेवते. आमचा सोपा नियम प्रत्येक भिंत तेलकट मानतो!

संथ पेटीत हे बऱ्यापैकी चालते. पण सिमेंटच्या कारखान्यांतील शंकूच्या आकाराच्या सायक्लोन यंत्रात हवा जोराने गरगर फिरते. तेथे कठीण कण भिंतीवर आपटून उसळतात. साचलेली धूळही पुन्हा उडू शकते. अशा वेळी कोणत्या वेगाखाली कण चिकटेल आणि उसळल्यावर किती वेग उरेल, हे आकडे प्रयोगातून घेऊनच नियमात घालावे लागतात.

आत गेलेले कण म्हणजे पकडलेले, निसटलेले आणि अजून हवेत असलेले यांची बेरीज. नियम चुकीचा असला तरी ही बेरीज बरोबरच येते. म्हणून यंत्रात खरोखर साचलेली धूळ तराजूवर तोलून पाहण्याला पर्याय नाही. संगणकाने जास्त पकडलेली धूळ प्रत्यक्षात कामगाराच्या श्वासात जात असते.