पायातल्या कड्याने सांगितलेले वय

उत्तर प्रशांत महासागरातील मिडवे हे प्रवाळद्वीप १९४२ च्या नौदल लढाईमुळे इतिहासात गाजले. पक्षी अभ्यासकांच्या लेखी मात्र त्याचे महत्त्व निराळे आहे. जेमतेम सहा चौरस किलोमीटर जमिनीवर दर हिवाळ्यात लेसान अल्बाट्रॉसच्या काही लाख जोड्या येथे घरटी करतात. जगातील या पक्ष्याची ही सर्वांत मोठी वसाहत होय.

अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी १० डिसेंबर १९५६ रोजी येथील एका मादीच्या पायात क्रमांकाचे कडे घातले. २००२ मध्ये त्यांनीच एका पक्ष्याचे झिजलेले कडे बदलले. जुन्या नोंदी मागे मागे चाळत गेल्यावर ती ४६ वर्षांपूर्वीचीच मादी असल्याचे उघड झाले. हा पक्षी पाच वर्षांच्या आत अंडे घालत नाही. त्यामुळे तिचा जन्म १९५१ चा किंवा त्याआधीचा मानला जातो. ‘विस्डम’ या नावाने ती आता ओळखली जाते. रॉबिन्स २०१७ मध्ये ९८ व्या वर्षी निवर्तले. विस्डमच्या अंड्यातून मात्र ३० जानेवारी २०२५ रोजी आणखी एक पिल्लू बाहेर आले!

एवढे दीर्घायुष्य लाभूनही या पक्ष्याची वंशवृद्धी अतिशय संथ असते. मादी हंगामात एकच अंडे घालते; ते फुटले तर त्या वर्षी दुसरे नाही. नर आणि मादी आळीपाळीने सुमारे दोन महिने ते उबवतात. पिल्लू उडण्याजोगे होण्यास आणखी पाच-सहा महिने लागतात. उडाल्यावर तीन ते पाच वर्षे ते समुद्रावरच काढते आणि बहुधा आठव्या-नवव्या वर्षी प्रथम घरटे करते. साहजिकच एखादा प्रौढ पक्षी दगावला, तर त्याची जागा भरून निघण्यास दशक लोटते.

अंड्यावरून न उठण्याची त्याची सवयही कधी जिवावर बेतते. माणसांबरोबर बेटावर आलेल्या उंदरांनी २०१५ च्या हिवाळ्यात बसल्या जागीच पक्ष्यांना कुरतडल्याचे आढळले; जखमी होऊनही अनेकांनी घरटे सोडले नाही.

डिसेंबरात स्वयंसेवक ओळ धरून बेटे पिंजून काढतात आणि एकेक घरटे मोजतात. परंतु घरट्यांवर बसतात ते प्रौढ पक्षी. पिल्लांची हानी या गणनेत लगेच उमटत नाही. मार्च २०११ मध्ये जपानजवळच्या भूकंपाने उसळलेल्या त्सुनामीत मिडवेवरील सुमारे १ लाख १० हजार पिल्ले वाहून गेली. ती जगली असती, तर त्यांची पहिली घरटी २०१९-२० च्या सुमारास मोजली गेली असती. कोणता पक्षी परतला, कोणता नाही, हे त्याआधी कळण्याचा मार्ग पायातले कडे हाच.